सुपडू नानांची झोप आणि पाचशे भुंगे

भडगावजवळ गिरणाकाठच्या एका गावात सुपडू नाना झोपेतले जाणकार म्हणून ओळखले जात. दुपारी वरण-बट्टी पोटात गेली की खळ्यातल्या निंबाखाली खाट, डोळ्यांवर रुमाल, आणि चारपर्यंत जगाशी संबंध बंद. एकदा शेजारच्या खळ्यात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटल्या तेव्हा लोकांनी नानांना खाटेसकट उचलून रस्त्यावर आणून ठेवलं. जाग आल्यावर नानांनी एवढंच विचारलं, सावली कुठे गेली?

हे वैभव गाजरगवतानं बुडवलं. तीन वर्षांत खळं कमरेएवढं माजलं. नानांना तर त्याचा नुसता वारा लागला तरी हात कोपरापर्यंत लाल व्हायचे. उपटायला मजूर येईनात, त्यांनाही खाजच होती. घरी झोपायची सोय नव्हती. आडवा दिसलेला माणूस म्हणजे रिकामा माणूस, असा त्यांच्या बायकोचा, धुरपदाबाईंचा, हिशेब. पाठ टेकली की त्या तूर निवडायला सूप पुढे ठेवत. नानांचे डोळे खोल गेले.

अशात धुळ्याहून हर्षिता मॅडम आल्या. त्या सरकारी खात्यातल्या किड्यांच्या तज्ज्ञ. मारुतीच्या पारावर बसलेल्या शेतकऱ्यांना त्यांनी बरणीतले पाचशे भुंगे दाखवले. हे फक्त गाजरगवत खातात, म्हणाल्या. कोणी जागा द्या. दोन पावसाळे तिथे उपटायचं नाही, फवारायचं नाही. जन्मभर किडे मारत आलेल्या लोकांना हे किडे पाळायला सांगणं पटेना. गवत संपल्यावर कपाशीवर चढतील, अशी शंका सरपंच हेमराज भाऊंनी काढली. मॅडम म्हणाल्या, उपाशी मरतील पण कपाशीला तोंड लावणार नाहीत. मग हे आपल्या गावचे नव्हेत, असं मागून कोणीतरी म्हणालं.

जागा देणाऱ्यानं काय करायचं, तर काहीच नाही, हे कळल्याबरोबर नानांचा हात वर गेला. सरकारची एखादी योजना त्यांच्या अंगच्या गुणांना साजेशी असण्याची ही पहिलीच वेळ.

पण काहीच न करण्याला फार राबावं लागतं. खळ्याकडे वारा असताना शेजाऱ्यानं फवारणीचा पंप काढू नये म्हणून नाना त्याला रोज चहा पाजू लागले. शेवटी त्यानं बांधालगतच्या दोन ओळी फवारायच्या सोडून दिल्या. अंगभर कपडे, पायात मोजे, तोंडाला मफलर अशा अवतारात नाना पानांची भोकं मोजून मॅडमना फोनवर सांगत. आपल्या तीन बाळंतपणांत हा माणूस इतका हलला नव्हता, असं धुरपदाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

दुसऱ्या पावसाळ्यात मॅडमबरोबर मोठ्या साहेबांनी भुंग्यांचं काम बघायला यायचं ठरलं. पाहुणे येणार म्हटल्यावर हेमराज भाऊंनी रस्ता झाडून घेतला, दगडांना चुना फासला आणि सकाळीच खळ्यासमोर जेसीबी उभा केला. पाहुण्यांना गवत दिसलं तर गावाची काय इज्जत राहील? साहेब ते गवतच बघायला येताहेत, हे नानांनी दोनदा सांगून पाहिलं. मग ते घरी गेले, खाट आणली, गवतात बरोबर मधोमध टाकली आणि मफलर विसरून आडवे झाले.

"ऊठ नाना, साहेब येई राह्यनात," हेमराज भाऊ बांधावरून म्हणाले. "काय करी राह्यना तू?"

"मन्हं काम. काहीच नही करानं."

आणि तीन वर्षांची थकबाकी असल्यासारखे नाना खरोखरच झोपले. जेसीबीचा हॉर्न वाजून वाजून बसला. खाटेसकट उचलायची या गावाला सवय होती. पण कमरेएवढ्या गाजरगवतात शिरणार कोण? तोवर गाड्या आल्या. मॅडमनी चाळणी झालेली पानं आणि नुसते उरलेले दांडे दाखवले, साहेबांनी टाळ्या वाजवल्या, नाना घोरत राहिले. पुढे आठ दिवस धुरपदाबाई त्यांच्या हातांना खोबरेल लावत शिव्या घालत होत्या. त्या आठ दिवसांत सूप मात्र कोनाड्यातच राहिलं.

यंदा खळं मोकळं आहे. भुंग्यांसाठी बांधाला थोडं गवत मुद्दाम राखलंय आणि निंबाखाली खाट आहे. फक्त भुंगे मागायला पारोळ्यापासून धुळ्यापर्यंतचे लोक येतात, तेही बरोबर दोन वाजता, आणि स्वतः हेमराज भाऊ नानांना हलवून उठवतात. परवा नानांनी मॅडमना फोन लावला.

"मॅडम, पाव्हनास्ले खानारा भुंगा शे का तुमनाकडे?"