गाडीच्या विम्याचा मुहूर्त

गाडी बायकोची होती, विमा काढायचं काम माझं होतं आणि काच फोडली ती नारळाने. यात माझा दोष नेमका किती, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. (म्हणजे बाकी सगळ्यांचं झालेलं आहे. माझं तेवढं राहिलंय.)

वैशाली, माझी बायको, सरकारी उपकेंद्रात नर्स आहे. लसींचा डबा घेऊन उंद्रीच्या आसपासची गावं स्कूटीवर हिंडून तिची कंबर कामातून गेली, तेव्हा तिनं स्वतःच्या पगारातून एक जुनी पांढरी गाडी घेतली. चिखलीला जाऊन चालवायला शिकली, लायसन्स काढलं, कागदपत्रं नावावर करून आणली. यातल्या कशालाही तिनं मला हात लावू दिला नाही. फक्त एक काम माझ्याकडे दिलं.

"गाडीसोबत आलेला विमा पितृपक्षात संपून राह्यला. तेवढा नवा काढून ठेवजा. दसऱ्याले मी सोता गाडी चालवत वडनेरले जाईन."

वडनेर भोलजी हे तिचं माहेर. तिथं तिचा धाकटा भाऊ दिनेश आहे. ताईनं गाडी घेतली हे कळल्यावर या पोराने फोनवर म्हटलं होतं, "ताई, निघायच्या आधी फोन करजो बरं का. आम्ही ढोरं-वासरं घरात बांधून ठेवतो!" त्या दिवसापासून वैशालीनं दसऱ्याचा ध्यास घेतला होता. माहेरच्या दारात आपल्या गाडीतून, आपल्या हातानं चालवत उतरायचं आणि मग सोनं वाटायचं. बस्स, एवढंच तिला हवं होतं.

आता माझी थोडी ओळख. गावात माझं कृषी केंद्र आहे. दर हंगामात पीकविम्याची मुदत आली की मी दुकानात आलेल्या प्रत्येक माणसाची हजेरी घेतो. "शेवटच्या तारखेची वाट काऊन पाहता? आजच भरा ना!" हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की लोक मला पाहून रस्ता बदलतात. तेव्हा विमा हा विषय आपल्या घरचा, अशी माझी पक्की समजूत होती.

मी पद्धतशीर सुरुवात केली. बियाणे कंपनीच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे तक्ता आखला. डावीकडे कंपन्यांची नावं, वर रकाने. मग कुठल्याशा वेबसाइटवर मोबाइल नंबर टाकला आणि 'भाव पाहा' असं लिहिलेलं बटण दाबलं. त्या क्षणापासून माझा फोन माझा राहिला नाही! अळीचं औषध मागायला आलेला माणूस शेतातली अळी मोठी होईपर्यंत काउंटरसमोर उभा असायचा आणि मी फोनवर असायचो.

"सर, तुमच्या गाडीची आयडीव्ही किती ठेवायची?"

"हे कोनतं नवीन?"

"सर, म्हणजे गाडीची आजची धरलेली किंमत. गाडी चोरीला गेली तर तेवढी रक्कम मिळते."

"मंग वाढवून टाका ना."

"वाढवली तर हप्ताही वाढतो सर."

"मंग कमी करा!"

"कमी केली तर चोरीनंतर कमी मिळतील."

"मंग वाढवा!"

अर्धा तास आम्ही त्या गाडीची किंमत रहाटाच्या बादलीसारखी वरखाली करत होतो. शेवटी त्या मुलीनंच फोन ठेवला. विमा विकणाऱ्याने स्वतःहून फोन ठेवल्याची ही जिल्ह्यातली पहिलीच घटना असावी.

मग चिखलीचा गजूभाऊ एजंट आला. माणूस भला. त्यानं चहा पिता पिता सगळं उलगडून सांगितलं.

"हे पाहा सुरेशभाऊ, थर्ड पार्टी म्हनजे आपन दुसऱ्याले ठोकलं तं त्याचं नुकसान कंपनी भरून देते. ते सरकारी कायद्यानं घ्याच लागते, त्याच्याशिवाय गाडी रस्त्यावर काढता येत नाई. पन आपल्या गाडीचं काई झालं तं त्याच्यात एक रुपया भेटत नाई. आपल्या गाडीसाठी फुल विमा पाह्यजे."

"अन् हे झिरो डेप काय हाय?"

"समजा बंपर तुटला. साधा विमा असला तं कंपनी म्हनते, बंपर जुना होता, अर्धेच पैसे घ्या. झिरो डेप असलं तं जुन्या-नव्याचा वाद नाई."

"घ्या ना मंग तेच," आतून वैशाली म्हणाली.

"थांब ना! अजून चार ठिकाणी चौकशी करू."

गजूभाऊ जाताना आणखीही काहीतरी महत्त्वाचं सांगत होता. पण मी तक्त्यात नवा रकाना आखत होतो. मी मान मात्र हलवली.

बघता बघता पितृपक्ष आला आणि जुना विमा संपायला दोन दिवस उरले. तक्ता भिंतीएवढा झाला होता आणि निर्णय एकही झाला नव्हता. वैशालीनं विचारलं, "काढला का?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पितृपक्षात नवीन काम करत नसतात."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुमी? परवा श्राद्धाले आत्याबाई कावळ्याले बोलावून राह्यल्या होत्या अन् तुमी कावळ्याच्या आधी वडा खाल्ला!" (आत्याबाई म्हणजे माझी आई, म्हणजे तिची सासू. वड्याची गोष्ट खरी आहे, पण ती गेल्या वर्षीची.)

घटस्थापना झाली. आता मला एका कंपनीच्या फोनची वाट होती. मी म्हटलं, "दसराच गाठू ना! साडेतीन मुहूर्तांपैकी एक. त्या दिवशी काढलेल्या विम्याला मरण नाही." आईनंही मान डोलावली, त्यामुळे माझ्या आळसाला घरातून धार्मिक पाठिंबा मिळाला.

विमा नाही म्हणून गाडी अंगणातच उभी. वैशाली रोज सकाळी ती पुसायची, मग स्कूटीला किक मारायची आणि लसींचा डबा घेऊन उन्हात निघून जायची. खरं सांगतो, मला वाईट वाटायचं. पण वाईट वाटलं की मी तक्त्यात आणखी एक रकाना आखायचो.

दसऱ्याच्या सकाळी सात वाजता गजूभाऊ हजर! झेंडूच्या माळा लावून गाडी सजलेली. वैशाली नवी साडी नेसून, आपट्याच्या पानांची पिशवी घेऊन तयार. शेजारपाजारचे जमलेले. आईनं चार चाकांखाली चार लिंबं ठेवलेली.

"विमा मधात तुटला ना भाऊ," गजूभाऊ म्हणाला, "म्हून कंपनी आधी गाडीचा व्हिडिओ मागते. चारही बाजूनं, मधात न थांबता. गाडी सध्या कशी हाय ते त्याईले दिसलं पाह्यजे."

"किती टाइम लागन?" वैशालीनं विचारलं. "मले आठले निघायचं हाय."

एवढे दिवस घालवल्यावर आता मला चपळाई दाखवायची होती. "गजूभाऊ, तुमी व्हिडिओ चालू करा. तोवर मी नारळ फोडतो. दोनी कामं संगच!"

गजूभाऊ मोबाइल धरून मागच्या बाजूने निघाला. मी पुढच्या चाकाजवळच्या दगडावर नारळ आपटला. फुटला नाही. दुसऱ्यांदा आपटला. नुसता टक्क आवाज. शेजारचा पांडुरंग म्हणाला, "भाऊ, जोर लावा ना, औषधाची बाटली नाई ते!" सगळे हसले. वैशालीही हसली. मग मात्र माझं डोकं फिरलं. मी दोन्ही हातांनी नारळ डोक्यावर नेला आणि सगळा जीव एकवटून दगडावर हाणला.

नारळ दगडावरून उसळला. अख्खाच्या अख्खा! बोनेटवरून गेला आणि समोरच्या काचेवर जाऊन आदळला. काचेत कोळ्याचं जाळं विणलं गेलं. नारळ मात्र घरंगळत खाली आला आणि माझ्या पायाशी थांबला. त्याला साधा तडासुद्धा गेला नव्हता.

तेवढ्यात गाडीच्या पुढे येऊन पोहोचलेल्या गजूभाऊचा आवाज आला. "सुरेशभाऊ, व्हिडिओ चालू हाये."

"बंद करा ना मंग!"

"मधात बंद करता येत नाई. नाई तं पुन्हा पहिल्यापासून घ्या लागते."

"मंग पुन्हा घ्या! अन् काच विम्यात बसवा."

"कशी बसवू? हे आधीचं नुकसान झालं."

"आधीचं कसं? आत्ता तं झालं, तुमच्या डोळ्यासमोर!"

"पॉलिसीच्या आधीचं, भाऊ."

मी डोळे मिटले. "बरं, काचेचं राहू द्या. बाकीचा विमा करा, तिले निघायचं हाय."

गजूभाऊनं मोबाइल खाली घेतला. "आज पैसे भरले तं पॉलिसी रात्री बारापासून लागू होते. मी त्या दिवशी तीनदा सांगतलं ना तुम्हाले. तुमी मान हलवून राह्यले होते."

वैशाली आत गेली, पर्स घेऊन बाहेर आली आणि पांडुरंगाला विचारलं, "भाऊजी, खामगावची यष्टी किती वाजता हाय?"

तिनं मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. आपट्याची पिशवी मांडीवर घेऊन ती एसटीत खिडकीशी बसली आणि मी तिच्या शेजारी चोरासारखा. खामगावला गाडी बदलली, नांदुऱ्याला बदलली. ती फक्त एकदा बोलली: "दिनेशले काय सांगू?"

सांगायची गरजच पडली नाही. गजूभाऊनं तो व्हिडिओ स्टेटसला ठेवला होता. खाली लिहिलं होतं, 'विमा वेळेवर काढा', आणि त्याखाली स्वतःचा नंबर. आम्ही वडनेरला उतरलो तेव्हा व्हिडिओ आमच्या आधी तिथं पोहोचला होता. दिनेशनं खरोखरच ढोरं बांधून ठेवली होती. सासूबाई ओवाळायचं ताट घेऊन उभ्या होत्या, पण ओवाळायला गाडीच नव्हती, तेव्हा त्यांनी मलाच ओवाळलं. पोरंटोरं तो व्हिडिओ हळू चालवून पाहत होती. (हळू चालवला की त्यात माझा चेहरा फार वाईट दिसतो.)

सासरेबुवांनी पाणी दिलं आणि गंभीरपणे विचारलं, "जवाईबुवा, नारळ फुटला का मंग शेवटी?"

"नाई मामा. काच फुटली."

सगळं घर हसलं. दिनेश म्हणाला, "ताई, गाडी चालवनं जमते तुले, आता दिसलं!" तेव्हा वैशालीचे डोळे भरून आले. तरी ती ताठ आवाजात म्हणाली, "मी चालवतच येणार होती. माह्या हाती होतं ते सगळं मी केलं. विमा तेवढा ह्यांच्याकडे होता." दिनेशचं हसू जिरलं आणि माझी मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी परत आल्यावर मी गुपचूप गॅरेजवाल्याला अंगणात बोलावून माझ्या खर्चानं गाडीला नवी काच बसवून घेतली. (गॅरेजवाल्यानं मला पाहताच विचारलं, "नारळवाले तुमीच का?") तक्ता काढून गुंडाळला आणि विचारलं, "आता कोनती कंपनी घ्यायची?" वैशालीनं लसींचा डबा उचलला आणि ती कामावर निघून गेली.

पुढच्या रविवारी मात्र तिनं गाडी बाहेर काढली. मला शेजारी बसवलं. उंद्री ते वडनेर तिनं अशी चालवली की माझ्या पोटातलं पाणी हललं नाही. वडनेरच्या फाट्याला दिनेश मोटारसायकल घेऊन उभा होता. ताईच्या गाडीपुढे हॉर्न वाजवत, लोकांना बाजूला सारत, तो घरापर्यंत वाट दाखवत गेला. आरशात वैशालीचा चेहरा बघितला आणि मलाही भरून आलं.

घर जवळ आल्यावर मी हळूच विचारलं, "विमा कधी काढला?"

"बुधवारी. उपकेंद्रात दोन लसींच्या मधात. दहा मिनटं लागले."

"थर्ड पार्टी का फुल?"

"फुल. झिरो डेप संगच."

माझ्यातला तज्ज्ञ अजून पुरता मेला नव्हता. "अवं, पन चार ठिकानी तुलना तं केली का?"

"केली ना," गियर बदलत ती म्हणाली. "तुमच्यासंग केली. सगळ्याच कंपन्या स्वस्त पडल्या."

मी मनातल्या मनात काचेचं बिल धरून हिशोब लावून पाहिला. बरोबर येत होता.