तिसऱ्या नोटेवरची सही

ओल्या लोकरीचा वास आला की मला आयर्लंडमधल्या मेनूथ गावातली मुलीची शाळा आठवते. कोविडमुळे खिडक्या सताड उघड्या होत्या आणि मुलगी व मी भिजलेल्या कोटांतच तिच्या इयत्तेच्या प्रमुख बाईंसमोर बसलो होतो. भिंतीवर समतेचं भलंमोठं पोस्टर होतं, त्यावर सगळ्या रंगांचे हात. मुलीच्या डायरीत उद्धटपणाच्या तक्रारीची तिसरी नोट आली होती आणि तीन नोटा म्हणजे तीन दिवस निलंबन. मी आज्ञाधारकपणे सही केली होती, शिवाय तिच्याकडून माफीपत्रही लिहून घेतलं होतं. बाईंनी ते बाजूला सारलं. ‘‘काय झालं, हे तिला विचारलंत?’’ मी म्हणालो, ‘‘शिक्षकांनी लिहिलंय म्हटल्यावर विचारायचं काय?’’ बाई शांतपणे म्हणाल्या, ‘‘इथले आईबाप फोन करून भांडतात, मग नोट मागे घेतली जाते. वर्षभराच्या नोटा मी काढून बघितल्या. उरल्यात त्या बहुतेक भारतीय आणि नायजेरियन मुलांच्या. आता मुलाचं ऐकल्याशिवाय मी एकही नोट ग्राह्य धरणार नाही. बोल गं.’’ मुलीने आधी माझ्याकडे बघितलं, परवानगीसाठी. मग म्हणाली, ‘‘माझा आणि शेजारच्या आयरिश मुलीचा, दोघींचे मास्क घसरले होते. सर मलाच ओरडले. मी फक्त ‘मलाच का?’ विचारलं.’’ बाईंनी त्या सरांना बोलावून विचारलं, त्यांनी ते कबूल केलं, नोट खोडली गेली. परतताना गाडीत मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, घरी विचारलं असतंस तर मी तुलाही हेच सांगितलं असतं.’’ हल्ली ती प्रत्येक गोष्टीवर माझ्याशी वाद घालते. बाईंचे आभार मानावेत की तक्रार करावी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.