पुलाच्या अल्याड उभी राहिलेली गाडी

आमचं गाव नांदेड जिल्ह्यात, अन् ओढ्यापल्याडचं गाव लातूर जिल्ह्यात. मधी एक फरशीचा पूल. माझ्या बायकोची धाकटी बहीण पल्याड दिलेली. पायी अर्ध्या तासाची वाट, पण कागदावर तो दुसराच मुलूख.

तीन वर्साखाली अल्याडच्या चार गावांनी मिळून दवाखान्याची गाडी घेतली. ती आमच्या पंचायतीसमोर उभी राहायची, डिझेल अन् ड्रायव्हरचा पगार चारी गावं वाटून द्यायची. पल्याडच्या गावाला बी विचारलं होतं, पण त्यांचा पैसा काही आला न्हाई. तवा ग्रामसभेत म्या उभा राहिलो अन् म्हटलं, “ज्यानं वर्गणी दिली न्हाई त्याच्या दारात आपली गाडी कशाला? आपण काय धर्मशाळा खोललीय?” लोक हसले, टाळ्या पडल्या. ग्रामसेवकानं तेच सरकारी भाषेत ठरावात लिहिलं. चौथी शिकलेल्या माणसाचं बोलणं ठरावात आलं, मला लई भारी वाटलं.

घरी बायको भाकर थापता थापता म्हणाली, “अवं, माझी बहीण हाय तिकडं.”

“मग तिच्या सरपंचाला सांग जाऊन.”

“काय सांगू? तुमच्यासारखा शहाणा तिथं बी एखादा असंलच की.”

गेल्या उन्हाळ्यात ती बहिणीकडं सांडगे घालायला गेली. सकाळी दहाच्या सुमाराला तिच्या भाच्याचा फोन आला, “काका, मावशीचं तोंड वाकडं झालंय. हात हालंना.”

म्या तसाच पंचायतीकडं पळालो. ड्रायव्हर काच पुसून राहिला होता.

“आबा, पल्याड न्यायची तर सरपंचाला विचारा. माझी नोकरी जाईल.”

सरपंचाला फोन लावला. तो म्हणाला, “आबा, ठराव तर तुमच्याच तोंडून निघाला ना? आज सोडली तर उद्या गाव माझ्या उरावर बसंल. एक करा, पेशंट पुलापत्तोर आणा. तिथून गाडी आपलीच.”

गाडी पुलाच्या अल्याड येऊन थांबली. इंजन चालू, दार उघडं, आत खाट तयार. अन् पल्याड भाचा टेम्पो हुडकत घरोघर हिंडत होता. तासभर म्या त्या पुलावर उन्हात उभा. मग ती आली, तुरीच्या रिकाम्या पोत्यांवर निजवलेली. जन्मभर मला फटकारत आलेली बाई, पण तोंडातून शब्द फुटंना.

डॉक्टर म्हणाला, “बाबा, थोडं लवकर आणायचं होतं.” नवव्या दिवशी ती गेली.

तेरवी झाल्यावर म्या पल्याडच्या सरपंचाकडं भांडायला गेलो. शिव्या तोंडात तयार होत्या. त्यानं चहा सांगितला अन् एक फाईल पुढ्यात ठेवली. “बाबा, आम्ही नको कुठं म्हटलं? वाटा बाजूला काढून ठेवलाय. पण दुसऱ्या जिल्ह्यात पैसा द्यायला वरून मंजुरी लागते म्हणतात. लातूरवाले म्हणतात नांदेडला विचारा, नांदेडवाले म्हणतात लातूरहून पत्र आणा.”

दीड वर्स तो कागद फिरून राहिला होता. आमची तूर लातूरच्या बाजाराला जाते, तवा कोणी मायचा लाल जिल्हा विचारत न्हाई. झटका आलेल्या बाईला तेवढा विचारला! पण साहेबांना शिव्या देऊन म्या सुटत न्हाई. त्यांनी कागद अडवला, गाडी म्या अडवली.

मग म्या दोन्ही जिल्ह्यांच्या हाफिसांत जाऊन बसायला लागलो. शिपाई मला बघून दार लोटून घ्यायचे. गेल्या महिन्यात मंजुरी आली. आमच्या सरपंचानं कार्यक्रम ठेवला. “आबा, नारळ तुमच्या हातानं फोडायचा. गाडीवर काकूचं नाव बी टाकू.”

म्या म्हटलं, आधी नवा ठराव वाचा. वाचला. चार गावांची पाच गावं झाली होती. बाकी ओळ तीच, वर्गणी दिलेल्या गावांपुरती.

“अन् माळावरचा बंजाऱ्यांचा तांडा?”

“तो दुसऱ्या पंचायतीत येतो, आबा. त्यांनी कुठं काय दिलंय?”

“मग तिथल्या बाईला कोणत्या पुलावर आणायचं, ते बी लिहा की.”

म्या नारळ टेबलावर ठेवला. म्हटलं, जो फोन करील त्याच्या दारात गाडी जाईल, पैशाचं मागून बघू, असं लिहा. तोवर तिचं नाव गाडीवर टाकलं तर दगडानं खरडून काढीन. मागं कोणीतरी पुटपुटलं, म्हातारा बायको गेल्यापासून चळलाय. म्हणू द्या.

नारळ सरपंचानंच फोडला. पेढे वाटत होते तवा म्या माळ चढून तांड्यावर गेलो. घरोघरी माझा नंबर दिला. सांगितलं, कोणाला काही झालं तर आधी मला फोन करा. म्या स्वतः गाडीत बसून येतो, बघू कोण उतरवतंय मला.