काकूचा अडलेला शब्द

आमची काकू शिवणकाम करते. दिवसभर मशीनवर वाकून गिऱ्हाइकांचे नखरे झेलायचे आणि दुपारचा चहा झाला की पाय पसरून मोबाइलवर शब्दकोडं उघडायचं. गोलात अक्षरं असतात, त्यांवरून बोट फिरवून शब्द जुळवायचा. "डोक्यातला गुंता सुटतो गं," ती मला म्हणायची. त्या वेळात कुणी दार वाजवलं तर त्याची खैर नसे. काका मात्र बसची पाळी संपवून आले की मागून डोकावून उत्तर सांगून टाकायचे आणि मग दोघांची जुंपायची.

मग काकांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, पण वाचा गेली. कळायचं सगळं, तोंडातून शब्द फुटेना. बोलण्याचा सराव घ्यायला एक बाई यायच्या. कपाचं चित्र दाखवून "म्हणा, कप" म्हणाल्या की काका भिंतीकडे तोंड फिरवायचे. भर गर्दीतून बस काढणाऱ्या माणसाला कप म्हणायला लावायचं! मला तर काकांचा राग पटायचा. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, आत्ता प्रयत्न सोडला तर पुढे बोलणं कठीण आहे.

काकूनं वाद घातला नाही. कोडं घेऊन काकांच्या शेजारी बसली आणि चक्क अडली. "केव्हाची बसलेय, सुचतच नाही बाई." काकांनी आधी लक्ष दिलं नाही, मग डोकावले, मग त्यांचं बोट मोबाइलवर आलं. त्यानंतर ती रोज अडायची. काका चिडून अक्षरं दाखवायचे, ओठ हलवायचे, आवाज मात्र नाही. काकू किती हुशार आहे ते मला ठाऊक होतं. दिवसातला तिचा तेवढाच विसावा, तोही तिनं बावळटपणाचं सोंग करण्यात घालवला, आणि एकदाही कुरकुरली नाही. मला तिचं फार कौतुक वाटायचं.

एक दिवस मात्र तिनं अतीच केलं. अक्षरं होती शि, व, ण. जन्मभर मशीनवर बसलेली ही बाई कपाळाला हात लावून म्हणाली, "छे, काही डोक्यात शिरेना."

काकांनी मोबाइलकडे पाहिलं. मग मशीनकडे. मग तिच्याकडे. चेहरा लालबुंद झाला, ओठ थरथरले.

"मु... मुद्दाम!"

काकूच्या हातून मोबाइल पडता पडता राहिला. रडू आवरत नव्हतं आणि हसूही.

"हो, मुद्दाम," ती म्हणाली. "आता भांडा माझ्याशी. हवं तेवढं भांडा."