चार सेकंद

शामरावांना कुणाच्या बढतीचा हेवा वाटत नसे, कुणाच्या नव्या स्कूटरचाही नाही. आयुष्यभराचा सगळा हेवा त्यांनी एकाच माणसासाठी राखून ठेवला होता, आणि गंमत म्हणजे तो माणूस त्यांनीच घडवला होता.

लखनौला, सरोजिनी नगरकडच्या एका सरकारी कारखान्याच्या फायर स्टेशनात शामराव लीडिंग फायरमन होते. मूळचे नागपूरचे. देशभरच्या अग्निशमन दलांचं मोठं कॉलेज नागपुरातच, त्यांच्या वस्तीपासून सायकलवर पंधरा मिनिटांवर. लहानपणी कुंपणाला नाक लावून त्यांनी तिथल्या कवायती पाहिल्या होत्या. एकदा आत जाऊन शिकायचं, एवढं एकच वेड होतं. नोकरीत लागल्यावर सहा वेळा अर्ज केला. सहाही वेळा उत्तर आलं की प्रशिक्षणासाठी सरकारी तरतूद नाही.

तरतूद झाली चौऱ्याण्णव साली. एक जागा, सहा महिने, सगळा खर्च सरकारचा, आणि वयाची अट तीस. शामराव तेव्हा चव्वेचाळीसचे होते. दात होते तेव्हा चणे नव्हते, आता चणे आले तर दात गेले.

अटीत बसत होता एकटा लक्ष्मीकांत. विकास नगरातल्या मराठी बँक कारकुनाचा मुलगा, लखनौतच वाढलेला. मराठी कळायचं, बोलायचा हिंदी. त्यालाही तिसावं सरत आलं होतं, म्हणजे ही पहिली आणि शेवटचीच संधी. शिडीवर पाय कसा टाकायचा इथपासून शामरावांनी त्याला शिकवलं होतं. पोरगा चलाख, नम्र, कामाला वाघ. त्यामुळे तर अंगाची अधिकच लाही होत होती. नालायक असता तर निदान चारचौघांत बोलता आलं असतं.

घरी बायकोने, गयाबाईंनी, आगीत तेल ओतलं. "आपला लक्ष्मीकांत नागपूरले जाऊन राहिला!" म्हणत त्यांनी आपल्या नागपूरच्या भावाला त्याच्यासोबत धाडायला जवसाची चटणी कुटायला घेतली. "त्याले म्हना, पहिले दीक्षाभूमीवर जाऊन ये."

"अजून परीक्षा व्हायची आहे," शामराव तुसडेपणाने म्हणाले.

"तुमीच शिकवलं ना त्याले? मंग होतेच पास."

परीक्षा एकच होती. खांद्यावर होजची, म्हणजे पाण्याच्या पाइपाची, गुंडाळी घेऊन शिडीने कवायतीच्या मनोऱ्याच्या तिसऱ्या मजल्यावर जायचं आणि खाली यायचं, साठ सेकंदांत. संधी एकदाच. वेळ नोंदवणार शामराव, कारण स्टेशनात सगळे म्हणत, सूर्य चुकेल पण शामरावांचं घड्याळ चुकणार नाही.

लक्ष्मीकांत वर गेला आणि वाऱ्यासारखा खाली आला. शामरावांनी बटण दाबलं. सत्तावन्न. डोळ्यांपुढे कॉलेजचं फाटक आलं, आणि त्यातून छाती काढून आत जाणारा हा.

"एकसष्ट," ते म्हणाले आणि काटा शून्यावर आणला.

कुणी शंका घेतली नाही. कागदावर शामरावांची सही झाली, जागा दिल्लीला परत गेली. दोन दिवस त्यांना चक्क बरं वाटलं. गयाबाईंनी चटणी बरणीत भरून फळीवर ठेवली तेव्हा मात्र त्यांना जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी लक्ष्मीकांत मनोऱ्याखाली उभा. "काका, एक सेकंड से रह गया. गलती मेरी ही थी. आप रोज़ टाइम लीजिए, मैं सुधारूँगा."

"आता कशाला? पुढच्या वेळेपर्यंत तुझं वय निघून जाईल."

"कोर्स गया तो गया. आग थोड़ी उम्र पूछेगी."

तो रोज धावू लागला. रोज छप्पन, सत्तावन्न. शामराव रोज साठ, एकसष्ट सांगत. एकदा खोटं बोललेल्या माणसाला रोज बोलावं लागतं. पोरगा आणखी जोर लावी, खालच्या पायऱ्या गाळून उडी मारी. पंधराव्या दिवशी त्याचा पाय सटकला. गुडघा फुटला, रक्त आलं, तरी उठून आधी विचारलं, "कितना हुआ, काका?"

शामरावांच्या तोंडून निघून गेलं, "पंचावन्न. आणि परीक्षेच्या दिवशी सत्तावन्न होते. मी खोटं सांगितलं. मला सहन झालं नाही."

लक्ष्मीकांतने गुडघ्यावरचं रक्त पुसलं. "अच्छा," एवढंच म्हणाला आणि होज गुंडाळायला लागला. शामराव साहेबांकडे गेले, सगळं कबूल केलं. साहेबांनी दिल्लीला फोन लावला. उत्तर आलं की ती जागा दुसऱ्या कारखान्याला देऊन झाली. शामरावांची बदली स्टोअरमध्ये झाली.

स्टोअरच्या खिडकीतून मनोरा दिसे. गुडघा भरल्यावर लक्ष्मीकांत पुन्हा धावू लागला. घड्याळ त्याने मेसच्या स्वयंपाक्याच्या हातात दिलं होतं. त्या बिचाऱ्याला आकडेही धड वाचता येत नव्हते. तो चष्मा वर-खाली करत काहीतरी ओरडायचा आणि लक्ष्मीकांत मान डोलवायचा. शामरावांनी तोवर फक्त एका माणसाचा हेवा केला होता. आता त्यांना त्या स्वयंपाक्याचाही वाटू लागला.