बिल्ला खिळ्यावर आहे

फोनवर दिलीपचं नाव दिसलं तेव्हा मी एका जुन्या लेथचा भाव पाडत बसलो होतो. समोरचा माणूस घाईत होता, म्हणून मी मुद्दाम चहा मागवला होता. नाव बघून मनात म्हटलं, आला एकदाचा वठणीवर. उन्हाळ्यापासून आमचं बोलणं बंद होतं, आणि काय काय ऐकवायचं ते माझ्याकडे तयार होतं. थोडा वाजू दिला, मग उचलून म्हटलं, "बोला साहेब." पलीकडे त्याची बायको, वैशालीवहिनी होत्या. हे सकाळी कामावर निघताना बूट घालायला खाली बसले ते उठलेच नाहीत, एवढंच त्या म्हणाल्या... आणि मी म्हणालो, "बरं." माणूस गेल्याचं कळल्यावर कुणी "बरं" म्हणतं का? पण इतके दिवस जपलेलं भांडण तोंडात तसंच अडकून बसलं होतं, त्यातून दुसरा शब्द वाट काढेना. लेथवाल्यानं सांगितलेला भाव मी मुकाट कबूल केला, असं आमचा कामगार नंतर म्हणाला. मला आठवत नाही.

दिलीप आणि मी भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूमला एकत्रच लागलो. मला साहेब लोकांचं ऐकून घेणं कधी जमलं नाही. एका फोरमनशी वाजलं आणि मी नोकरी सोडली, हातगाडीवर भंगार घ्यायला लागलो, आणि तिथून सुरू करून आज चाकण-तळेगाव रस्त्यावर जुन्या यंत्रांचं दुकान आहे. मला कुणी हात दिला नाही, हे मी चारचौघांत सांगतो आणि ते खरं आहे. दिलीप त्याच कारखान्यात राहिला, तपासणी खात्यात वर चढला, पिंपळे गुरवला फ्लॅट घेतला. मला तो "शेठ" म्हणायचा, तेही अशा सुरात की शिवी परवडली.

डबे शोधायचं खूळ त्याला कंपनीत आलेल्या एका जर्मन इंजिनिअरनं लावलं. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. कुणीतरी एखाद्या आडजागी झाकणाचा डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतो. बाकीच्यांनी मोबाइल घेऊन तो हुडकायचा. आत एक वही, तिच्यात नाव लिहायचं. शिवाय किरकोळ वस्तू असतात, त्यातली एखादी घ्यायची, पण तिच्या तोडीची दुसरी ठेवायची. जर्मन परत गेला तरी दिलीप दर रविवारी पवना, कासारसाई, भामा आसखेड असा धरणांच्या काठाकाठानं हिंडायला लागला. मी एकदा सोबत गेलो, वाटेत एका बंद पडलेल्या वर्कशॉपवर नजर टाकायची होती म्हणून. वाटभर त्याला विचारत होतो, "दोन्ही बाजू सारख्याच सुटल्या तर सौद्यात मिळवलं काय?" तो म्हणाला, "शेठ, डबा सापडला ना!" हे काय उत्तर झालं?

भामा आसखेडच्या पाण्याकडेला आम्ही मोबाइल समोर धरून झुडपं धुंडाळत होतो, तर एक म्हातारा शेतकरी म्हशी सोडून तरातरा आला. आमच्या भागात मोबाइल धरून रानात कुणी फिरलं की लोकांना एकच दिसतं. रस्ता येणार, नाहीतर जमीन जाणार. "कसली मोजणी हाय ही?" त्यानं विचारलं. दिलीप म्हणाला, "मोजणी नाही तात्या, डबा शोधतोय." म्हाताऱ्यानं झुडपांकडं बघितलं, आम्हा दोघांकडं बघितलं आणि म्हणाला, "दोघांत येकच आनलाय व्हय?" दिलीप हसून हसून खाली बसला. मला राग आला होता, पण हसू मलाही आवरलं नाही. त्या तात्यांशी पुढं त्याची गट्टी जमली, आणि स्वतःचा पहिला डबाही त्यानं तिथंच, त्यांच्या बांधावरच्या करंजाखाली ठेवला.

आता माझी तक्रार. हातगाडीच्या दिवसांतलं तराजूचं एक वजन, बिडाचं म्हणजे ओतीव लोखंडाचं, माझ्या टेबलावर असायचं. तेवढंच मी जपून ठेवलं होतं. बिलं उडू नयेत म्हणून वापरायचो, पण समोरच्याशी बोलताना हात त्याच्यावर असायचा, मग भाव बरोबर सुचायचा. गेल्या उन्हाळ्यात मी बाहेर गेलो असताना दिलीप दुकानात आला, कामगाराला दोन विनोद सांगितले आणि वजन उचलून नेलं. त्या जागी आपला जुना पितळी बिल्ला ठेवला. नंबर कोरलेला, वर भोक. कारखान्यात असे बिल्ले प्रत्येकाला असत. पुढे सगळं संगणकावर गेलं तेव्हा ते भंगारात निघाले, आणि ते भंगार मीच उचललं होतं. तेव्हा बिल्ल्याची किंमत मला कुणी शिकवू नये. मी फोन करून विचारलं, वजन कुठंय? तो म्हणाला, "आसखेडला, करंजाखालच्या डब्यात. पाणी चढलं की लाटेनं हलतो रे तो. ये ना रविवारी, शोध." मी म्हटलं, माझीच वस्तू मी झुडपात शोधू? धरणाकाठी दगड संपले का? तो म्हणाला, "बिल्ला ठेवलाय की, शेठ." मला वाटलं, डब्याचा नियम माझ्यावरच चालवतोय. बिडाच्या बदल्यात पितळ, झाली बरोबरी. मी फोन आपटला. तो बिल्ला खणात फेकला.

दहाव्याला आळंदीच्या घाटावरून परतताना वहिनींनी विचारलं, "भावजी, यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यातला बिल्ला तुमच्याकडे आहे का? कधी काढला नव्हता हो त्यांनी." मी हो म्हणालो. मोशीपर्यंत गाडी चालवली आणि मग एका हॉटेलापाशी थांबवली. टूलरूमची पद्धत अशी की, स्टोअरमधून हत्यार घ्यायचं तर आपला बिल्ला द्यायचा. त्या हत्याराच्या खिळ्यावर तो टांगला जायचा. बिल्ला टांगलेला म्हणजे वस्तू बाहेर आहे, पण घेणारा माहीत आहे आणि तो परत येणार आहे. हत्यार जमा केलं की बिल्ला परत. हे मला नव्यानं शिकायचं नव्हतं. तिथं असताना मीही तेच करत होतो. म्हणजे त्यानं अदलाबदल केली नव्हती... वजन उसनं नेलं होतं? मग तसं सरळ सांगायला काय झालं होतं? की तो खरंच डब्याच्याच नियमानं वागला, आणि मीच आता हवा तो अर्थ लावतोय?

पुढच्या रविवारी वहिनींना घेऊन मी भामा आसखेडला गेलो. वजन घेऊन यायचंच, हे ठरलेलं. त्यांच्या हातात दिलीपचा मोबाइल, त्यावरचा बाण झाडाजवळ गेल्यावर नुसता गरगर फिरत होता. तात्या आले. "ते डबेवालं सायेब न्हाई आलं?" दिलीप गेल्याचं मी सांगितलं. तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. मग त्यांनीच दगड बाजूला करून डबा काढला. म्हणाले, "पानी चढलं की वर उचलून ठिवायचा, आसं बोलनं झालंतं आमचं. पन लई जड केला हो त्यांनी."

उचलून ठेवायला माणूस होता, तर वजन कशाला हवं होतं?

डब्यात वही होती, कुणाचा तरी केसांचा चाप, खेळण्यातली रिक्षा, आणि खाली माझं वजन. त्याला ग्रीस चोपडलेलं, वर तेलकट कागद, टूलरूममध्ये चांगल्या हत्याराला गंजू नये म्हणून गुंडाळतात तसा. वहिनी म्हणाल्या, "घ्या ना भावजी. तुमचंच आहे." बिल्ला माझ्या खिशात होता. नियम सोपा होता. बिल्ला डब्यात टाकायचा, वजन उचलायचं. हिशेब पुरा, दोघं मोकळे. आयुष्यभर मी सौदे मिटवलेत, पण त्या दिवशी हात खिशातून बाहेर येईना. कागद पुन्हा गुंडाळला आणि झाकण लावलं. तात्या माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच आता मोजणीला आलोय.

माझा राग गेलेला नाही. न विचारता वस्तू नेणं मला आजही पटत नाही, आणि तो समोर असता तर हे मी त्याला ऐकवलंच असतं. टेबलावरची बिलं आता पंख्यानं उडतात, कामगार त्यांच्यावर एखादा नट ठेवतो. माझा हात बोलता बोलता वजनाच्या जागी जातो आणि रिकामा परत येतो. खुर्चीमागच्या भिंतीत मी एक खिळा ठोकलाय, त्यावर तो बिल्ला आहे. परवा एका गिऱ्हाइकानं विचारलं, "शेठ, हा बिल्ला कुणाचा?"

मी म्हटलं, "एकानं वस्तू नेलीय. यायचाय अजून."