पहिली पट्टी घरी

काकाजी औषधं विकायचे आणि औषधांनाच भ्यायचे. सौंदडला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं मेडिकल होतं. फार्मसीचा डिप्लोमा करून मी तिथे नोकरीला लागले तेव्हा मला वाटलं, या माणसाने किराणा दुकान टाकायला हवं होतं. तांदळाला भ्यायचं तरी कारण नसतं. नवा डबा आला की ते एखादी पट्टी उजेडात धरत, हुंगत, गोळी नखाने खरवडत आणि मग माझ्याकडे असे पाहत, जणू ती मीच घरी वळून आणली आहे.

"खडूची असन तं कोन सांगन?" हा त्यांचा रोजचा प्रश्न. त्यांच्या नादाने हळूहळू मीही भ्यायला लागले होते.

या भीतीतूनच त्यांनी एक नियम काढला होता. काकीजींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, लहानपणापासून मिरगी, फेफरं येण्याचा आजार. त्यांच्या गोळ्यांचा नवा डबा फोडला की पहिली पट्टी घरी जायची, गिऱ्हाइकाला त्यानंतरची. "माह्या घरी चालते तेच गावाले देतो," म्हणायचे. मला हा नियम तेव्हा फार थोर वाटायचा.

मग ब्लॉकचेन आली. ठोक व्यापाऱ्याच्या माणसाने समजावून सांगितलं. डब्यावरचा कोड प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवर टिपायचा: कारखाना, डेपो, नागपूर, गोंदिया आणि शेवटी आपण. ती नोंद एकाकडे नव्हे, सगळ्यांकडे राहते, म्हणून मागाहून कोणालाही गुपचूप खोडता येत नाही. सगळं जुळलं तर हिरवी खूण, नाही तर लाल. काकाजींचा चेहरा मी पहिल्यांदाच सैल झालेला पाहिला. "आता झोप लागन मले," ते म्हणाले.

पण आमच्या दुकानात रेंज नव्हती. आलेले डबे पिशवीत भरायचे आणि सवड मिळेल तेव्हा स्टेशनच्या आवारात नेऊन टिपायचे, अशी पद्धत पडून गेली. घरची पट्टी तोवर घरी पोचलेली असायची. नियम तो नियम.

एका दुपारी मिरगीच्या गोळ्यांच्या डब्यावर लाल खूण आली. याच कोडाचा डबा दुसऱ्या जिल्ह्यात आधीच विकला गेला होता आणि त्याच्या वाटेवर गोंदिया कुठेच नव्हतं. म्हणजे कोणीतरी कोड चोरून आमच्या डब्यावर छापला होता. काकाजींनी डबा पिशवीत कोंबला. "पोरी, घरी चाल," एवढंच बोलले.

आम्ही स्कूटरवर निघालो. वाटेत बोडी लागते, शेतांमधलं लहानसं तळं. काकीजी तिथे कपडे धुवायच्या. तिकडे पाहायची काकाजींची हिंमत झाली नाही. मी पाहिलं. काठावर कोणी नव्हतं, आणि त्याचा अर्थ काय लावायचा ते मला कळेना.

काकीजी अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या. काकाजींनी पट्टी मागितली. बऱ्याच गोळ्या संपलेल्या होत्या. मग काकीजींनी जीभ दाखवली. चावल्याची जखम अजून ओली होती.

"परवा झटका आला होता," त्या म्हणाल्या. "कायले सांगू? तुमी भेले असते."

काकाजी तिथेच उंबऱ्यावर बसून रडले. नशीब एवढंच, की त्या डब्यातली दुसरी पट्टी अजून विकली गेली नव्हती. डबा औषध निरीक्षकांनी नेला.

त्यानंतर नियम बदलला. आधी कोड, मग घर. पण काकाजींची भीती काही उतरली नाही, उलट जिभेवर येऊन बसली. कुठे नकली औषध पकडलं, कोण त्याने दगावलं, हे ते रोज जेवताना सांगत. मग काकीजींसमोर मोबाइल धरत. "पाह्य, हिरवं हाय. आता खा." काकीजी मान डोलवत आणि पट्टी घेऊन आत जात.

पुढे मला नागपूरला एका दवाखान्यात नोकरी लागली. एका सकाळी काकाजींचा फोन आला. काकीजी बोडीवर कपडे धुवायला गेल्या, झटका आला आणि पाण्यात पडून बुडाल्या. जवळ कोणी नव्हतं.

"मी सगळं पाहून राहिलो, पोरी," ते म्हणाले. "कारखान्यापासून माह्या हातापर्यंत सगळं हिरवंच हाय. मंग काऊन?"

मी सौंदडला पोचले तेव्हा ते घरात जमिनीवर बसले होते. पाहुण्यांच्या स्वयंपाकाला तांदूळ काढताना कोठीच्या तळाशी पट्ट्या निघाल्या होत्या. त्यांतली एकही गोळी काढलेली नव्हती. काकाजी एकेक पट्टी उचलून खिडकीच्या उजेडात धरत होते, दुकानात धरायचे तशीच.

"खऱ्या होत्या, पोरी," ते म्हणाले. "सगळ्या खऱ्या होत्या. मीच तिले भेवाडलं."